ॲशला भेटलेले सव्वाशेर

ऑगस्ट २०१६ मध्ये जपानच्या टीव्हीवर दहा वर्षांचा एक पोरगा सामना हरला, आणि जगभरातली पंचविशी-तिशीतली माणसं त्यावरून अजून भांडतात. पोरगा म्हणजे ‘पोकेमॉन’ मालिकेचा नायक ॲश केचम. सामना होता कालोस लीगचा, अंतिम फेरीचा. हरवणारा अलेन, गळ्यात निळा मफलर गुंडाळलेला, मोजकं बोलणारा तरुण. ॲश हरला यात तसं नवल नव्हतं. १ एप्रिल १९९७ला मालिका सुरू झाल्यापासून प्रत्येक प्रांताच्या लीगमध्ये तो हरतच आला होता. चाहत्यांना पचलं नाही ते वेगळंच. अलेनशी ॲशचं धड वैरही जमलं नव्हतं, आणि ज्याच्याशी नीट भांडण झालेलं नाही अशा माणसाकडून शेवटच्या पायरीवर मात खावी लागली.

या एका तक्रारीत पोकेमॉनच्या चाहत्यांचं सगळं प्रतिस्पर्धी-शास्त्र सामावलेलं आहे. सगळ्यात बलवान कोण, यावर वाद होतात, पण ते वरवरचे. नायकाला हरवायचा हक्क कोणी कमावला आणि कोणाला तो लेखकांनी फुकट दिला, या प्रश्नावर चाहते खरे इरेला पेटतात. मला विचाराल तर त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पोकेमॉन हा मुळात व्हिडिओ गेम. निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी गेम फ्रीक या कंपनीने तो बनवला आणि २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्यांत तो विक्रीला आला. रानावनातले अद्भुत प्राणी पकडायचे, त्यांना लढायला शिकवायचं, गावोगावच्या जिम लीडरना हरवून आठ बॅज मिळवायचे आणि मग त्या प्रांताच्या लीगमध्ये उतरायचं, असा हा मामला. खेळ चालला, म्हणून वर्षभराने मालिका आली. पुढे दर तीन-चार वर्षांनी खेळाची नवी पिढी निघाली, नवा प्रांत आला, नवे प्राणी आले, आणि मालिकेतला ॲशही पिकाचूला खांद्यावर घेऊन त्या नव्या प्रांतात पहिल्या पायरीपासून सुरुवात करू लागला. वय मात्र दहाच.

या व्यवस्थेत लेखकांची कोंडी होते. ॲश लीग जिंकला तर त्याचा प्रवास संपतो. तो हरला तर मुलं हिरमुसतात. शिवाय नव्या पिढीतले प्राणी पडद्यावर दिसायला हवेत, कारण दुकानात त्यांची खेळणी मांडलेली असतात. या तिन्ही अडचणींवर एकच उतारा म्हणजे प्रतिस्पर्धी. तो नवे प्राणी घेऊन येतो, ॲशला मधूनमधून पाणी पाजतो, आणि ॲश लीग हरला तरी निदान त्याला तरी हरवल्याचं समाधान प्रेक्षकाच्या पदरात टाकतो. त्यामुळे प्रत्येक प्रांताला एक नवा प्रतिस्पर्धी हे ठरूनच गेलं. तो उभा करायला किती भाग खर्ची घातले आणि त्याचा शेवट कसा केला, यावर त्याची पत ठरली.

खेळातला पहिला प्रतिस्पर्धी फार खवट होता. तुमच्याच गावचा, तुमच्याच वयाचा, आणि प्राध्यापक ओक यांचा नातू. सुरुवातीला तीन प्राण्यांतून एक निवडायचा असतो. तुम्ही गवताचा घेतला की तो आगीचा उचलतो, तुम्ही आगीचा घेतलात की तो पाण्याचा. म्हणजे मुद्दाम तुमच्यावर भारी पडेल असाच. सगळा प्रांत पालथा घालून तुम्ही शेवटच्या दालनात पोहोचावं, तर चॅम्पियन म्हणून तोच समोर उभा. १९९६ साली हा खेळ खेळलेल्या पिढीची प्रतिस्पर्ध्याबद्दलची सगळी अपेक्षा या एका पोराने घडवली. आता पुढची गंमत पाहा. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मधला हाउ, २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मधला हॉप, २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मधली नेमोना हे सगळे तुमच्या प्राण्यापुढे दुबळा पडेल असा प्राणी निवडतात. वीस वर्षांत प्रतिस्पर्धी वैऱ्याचा दोस्त झाला. जुने चाहते यावर नाकं मुरडतात. नव्या मुलांना हाच बरा वाटतो, कारण हरल्यावर तो चिडवत नाही.

त्या खवट पोराचं मालिकेतलं रूप म्हणजे गॅरी ओक. जपानी मूळ मालिकेत नायकाचं नाव सातोशी आणि याचं शिगेरू. पहिलं नाव खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचं, दुसरं निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचं, ज्यांना ताजिरी गुरुस्थानी मानत. गॅरीचा थाट मोठा. लाल उघडी मोटार, मागे त्याच्या नावाचा जयघोष करणाऱ्या मुलींचा ताफा, आणि ॲश दिसला रे दिसला की त्याची टर उडवायची. आठ बॅज पुरतात तिथे हा दहा घेऊन बसलेला. आजही कुठल्याही चाहत्याला पोकेमॉनमधला प्रतिस्पर्धी विचारा, पहिलं नाव बहुधा याचंच येईल.

आणि तरीही कँटो प्रांताच्या संपूर्ण पहिल्या पर्वात ॲश आणि गॅरी यांची एकही लढत पडद्यावर होत नाही! ऐंशीच्या वर भाग नुसती तोंडाची वाफ. इंडिगो लीगमध्ये गॅरी ॲशच्या आधीच बाद होतो, त्यामुळे तिथेही गाठ पडत नाही. दोघांची पहिली खरी लढत होते ती ऑरेंज बेटांचं पर्व आटोपल्यावर, आणि तीत गॅरीची छोटीशी ईव्ही ॲशच्या पिकाचूला हरवते. मग जोहतो प्रांताच्या सिल्व्हर कॉन्फरन्समध्ये सहा विरुद्ध सहा असा पूर्ण सामना. शेवटी मैदानात उरतात ॲशचा आग ओकणारा चारिझार्ड आणि गॅरीचा पाण्याच्या तोफा डागणारा ब्लास्टॉइज. आगीवर पाणी भारी, हे या खेळातलं पहिलीच्या धड्यातलं ज्ञान. ॲश चारिझार्डकरवी मैदानातले खडक तापवतो, ब्लास्टॉइज ते थंड करायला पाणी सोडतो, वाफेचा लोट उठतो, आणि त्या वाफेआडून चारिझार्ड त्याला उचलून आपटतो.

त्या सामन्यानंतर गॅरी लढणं सोडून संशोधनाकडे वळतो. लहानपणी गळाला लागलेल्या एका पोकेबॉलवरून, म्हणजे प्राणी पकडायच्या चेंडूवरून, दोघांत ओढाताण होऊन त्याचे दोन तुकडे झालेले असतात आणि प्रत्येकाने आपला अर्धा भाग जपून ठेवलेला असतो, हे आपल्याला तेव्हा नीट उमगतं. गॅरीचे चाहते या वळणावर फिदा आहेत. न आवडणारे म्हणतात, हा माणूस निम्मा वेळ गायबच असतो, त्याची लोकप्रियता ही लहानपणच्या आठवणींची आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गॅरी लेखणीने कमी आणि आठवणीने जास्त मोठा झाला.

आपल्याकडे तर ते अधिकच खरं. भारतात पोकेमॉन आला २००३ साली, कार्टून नेटवर्कवर, हिंदीत. म्हणजे जपानी मुलांनंतर सहा वर्षांनी. शाळेतून घरी येऊन दप्तर फेकणारी मराठी मुलं हिंदीतून चिडवणाऱ्या गॅरीवर दात-ओठ खात वाढली. नंतरची पर्वं ज्याला जशी आणि जिथे मिळाली तशी पाहिली गेली, कोणी दुसऱ्या वाहिनीवर, कोणी इंग्रजी उपशीर्षकांसह संगणकावर. त्यामुळे आपल्याकडच्या चाहत्यांशी बोलताना एक गोष्ट चटकन जाणवते. गॅरी सगळ्यांना माहीत असतो. पॉलबद्दल बोलायला लागलं की निम्मे लोक गप्प होतात, आणि उरलेले थांबता थांबत नाहीत.

पॉलकडे यायच्या आधी मधल्या मंडळींना झटपट हात करू. कँटोच्या लीगमध्ये ॲशला हरवतो रिची. हा त्याच्यासारखाच, त्याच्याही खांद्यावर पिकाचू. ॲशचा चारिझार्ड ऐन वेळी लढायलाच तयार होत नाही म्हणून तो सामना जातो. जोहतोत गॅरीला नमवून पुढे गेलेल्या ॲशला हॅरिसन अडवतो, होएनमध्ये टायसन. तिघेही सज्जन, तिघेही लीगच्या आसपास उगवलेले, आणि तिघांचीही आठवण चाहत्यांना फारशी येत नाही. रिचीबद्दल थोडी माया आहे. टायसनच्या मांजरासारख्या मियाउथने पिकाचूला पाडलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

जपानमध्ये प्रतिस्पर्धी हे प्रकरण किती गंभीरपणे घेतात, हे कळायला पोकेमॉनच्या मागे जावं लागतं. १९६८ साली ‘अशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू झाली. कथा इक्की काजिवारा यांची, चित्रं तेत्सुया चिबा यांची. नायक जो, आणि त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. जोशी लढता यावं म्हणून रिकिइशी उपाशी-तहानलेला राहून वजन उतरवतो, लढत जिंकतो आणि मरतो. मार्च १९७० मध्ये वाचकांनी या काल्पनिक पात्राचा अंत्यविधी केला. नाटककार-कवी शुजी तेरायामा त्यामागे होते, आणि प्रकाशकाच्या इमारतीत सुमारे सातशे माणसं जमली. नायकाला घडवणारा माणूस नायकाइतकाच आपला असतो, अशी धारणा तिथे तेव्हापासून मुरलेली आहे. मुलांच्या मालिकेत कोणी मरणार नाही, हे ठीक. पण त्या परंपरेला शोभेल असा एक प्रतिस्पर्धी पोकेमॉनने दिला, आणि तो पॉल.

सिनो प्रांताचं पर्व जपानात २००६ साली सुरू झालं. पॉल पहिल्या काही भागांतच भेटतो. जांभळट केस, थंड डोळे, आवाज चढवत नाही, मुलींचा ताफा नाही, ॲशला चिडवण्यातही त्याला रस नाही. एकाच जातीचे अनेक प्राणी तो पकडतो, यंत्रावर त्यांचे डावपेच तपासतो, कामाचा ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. ॲशला हे पाहून धक्का बसतो. त्याच्या लेखी पोकेमॉन म्हणजे मित्र, आणि मित्राची गुणपत्रिका कोण तपासतं?

पॉल जे करतो ते पोकेमॉन खेळणारे गंभीर खेळाडू रोज करतात. खेळातल्या प्रत्येक प्राण्याला काही छुपे आकडे असतात. वेग, बळ, बचाव अशा प्रत्येक गुणासाठी शून्य ते एकतीस. स्पर्धेत उतरणारा खेळाडू एका चांगल्या प्राण्यासाठी डझनांनी अंडी उबवतो, आकडे तपासतो, आणि बाकीची पिल्लं निमूटपणे सोडून देतो. म्हणजे मालिकेच्या लेखकांनी खलनायकाच्या जागी खेळाडूलाच उभं केलं. पॉलवर चिडणाऱ्या कित्येक चाहत्यांच्या स्वतःच्या खेळात पॉलचीच रीत चालू होती. पॉलवरचे वाद इतके चिवट का, याचं मला तरी हेच कारण दिसतं. त्याला दोष देताना माणूस अडखळतो.

या वादाला देह मिळतो चिमचारच्या रूपाने. आगीची शेपटी असलेलं हे माकडाचं पिल्लू पॉलकडे असतं. एकदा संकटात सापडल्यावर त्याने प्रचंड ताकद दाखवलेली पॉलने पाहिलेली असते. ती ताकद म्हणजे ‘ब्लेझ’. खेळाच्या नियमात सांगायचं तर प्राण्याचा जोर एक तृतीयांशावर आला की त्याच्या आगीच्या माऱ्याला दीडपट धार येते. ती पुन्हा जागी व्हावी म्हणून पॉल त्याला रगडतो, इतर प्राण्यांकडून मार खायला लावतो. हार्थोम शहरातल्या जोडीच्या स्पर्धेत पॉल आणि ॲश नेमके एकमेकांचे जोडीदार होतात, आणि तिथेही चिमचार मनासारखं लढत नाही, तेव्हा पॉल त्याला ऐन स्पर्धेत सोडून देतो. ॲश त्याला आपल्याकडे ये म्हणतो. मुलांच्या मालिकेत इतका कडवट प्रसंग क्वचितच येतो.

पॉलला मोठं करणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्याला दिलेलं कारण. त्याचा थोरला भाऊ रेजी गुणी लढवय्या होता. ब्रँडन नावाच्या मातब्बर योद्ध्याकडून हरल्यावर त्याने लढणं सोडलं आणि प्राण्यांची देखभाल करू लागला. पॉलच्या डोळ्यांत हा दुबळेपणा. मग तो स्वतः ब्रँडनला आव्हान देतो आणि हरतो. आणखी मीठ चोळायला, त्याच ब्रँडनला ॲशने पूर्वी हरवलेलं असतं. हे कळल्यावर पॉलचा जो चेहरा होतो, तो या पर्वाचा एक उच्च क्षण आहे. पुढे अक्युटी सरोवराकाठी दोघांची सहा विरुद्ध सहा लढत होते आणि ॲश सपशेल हरतो. इथे लेखकांनी धीर दाखवला. नायकाची तत्त्वं गोड आहेत म्हणून त्याला जिंकवलं नाही. प्रेमाने वाढवणं खरं असेल, पण त्याला अक्कलही लागते, हे ॲशला हरूनच शिकावं लागलं.

मग २०१० मधली सिनो लीगची उपांत्यपूर्व फेरी, एक सामना आणि तीन भाग. पॉलचा विंचवासारखा ड्रॅपियन ॲशचे गडी एकापाठोपाठ बाद करत सुटतो, आणि ॲशचा ग्लायस्कोर त्याला थोपवतो. या वेळी ॲश विचार करून खेळतो. पॉलच्या सवयी त्याने ओळखलेल्या असतात. शेवटी समोरासमोर येतात पॉलचा इलेक्टिव्हायर आणि ॲशचा इन्फर्नेप, म्हणजे मोठा झालेला चिमचार. दोघे एकेकाळचे एकाच मालकाचे सोबती. इन्फर्नेप मार खात खात एक तृतीयांशाच्या खाली येतो, ब्लेझ पेटतो, आणि ज्या ताकदीसाठी पॉलने त्याला छळलं तीच ताकद आता ताब्यात ठेवून तो पॉलला हरवतो. पॉल उगाच शरमिंदा होत नाही, गळ्यातही पडत नाही. इन्फर्नेपची ताकद मान्य करतो आणि पुन्हा ब्रँडनला गाठायला निघून जातो.

यावर चाहत्यांत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, पॉलला शिक्षा झाली नाही, चिमचारची त्याने कधी धड माफीही मागितली नाही. दुसऱ्याचं म्हणणं, म्हणूनच तो खरा वाटतो. मी दुसऱ्या तटात आहे. माफीचा एक रडका प्रसंग घातला असता तर चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

दुर्दैव असं की पुढच्याच भागात लेखकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडला. उपांत्य फेरीत ॲशपुढे येतो टोबायस, ज्याच्याकडे डार्कराय आणि लॅटिऑस यांच्यासारखे दंतकथेतले प्राणी आहेत. गल्ली क्रिकेटमध्ये समोरच्या संघाने रणजीचा गोलंदाज उतरवावा, तसला प्रकार. ॲश डार्करायला पाडतो, पिकाचू लॅटिऑसशी बरोबरी साधतो, आणि सामना जातोच. टोबायस कोण, कुठला, त्याला काय हवंय, काही कळत नाही. ॲशला लीग जिंकू द्यायची नाही एवढंच त्याचं काम. चाहते आजही त्याचं नाव चेष्टेनेच घेतात. पॉल आणि टोबायस यांच्यात फक्त एका भागाचं अंतर आहे, आणि प्रतिस्पर्धी कसा असावा आणि कसा नसावा, हे दोन्ही धडे तिथे शेजारी-शेजारी पडलेले आहेत.

पॉल गाजला, म्हणून २०१० मध्ये सुरू झालेल्या युनोवा पर्वात त्याची नक्कल करायचा मोह झाला. ट्रिप नावाचा पोरगा आला. हातात कॅमेरा, तोंडात तुच्छता, ॲश कँटोसारख्या आडगावातून आला म्हणून त्याला हिणवणारा. पहिल्याच लढतीत ट्रिपची नुकतीच मिळालेली स्नायव्ही पिकाचूला हरवते. एका काळ्या वादळामुळे पिकाचूची वीज गेलेली असते, हे कारण दिलं आहे खरं. पण लॅटिऑसशी बरोबरी केलेला पिकाचू काल अंड्यातून निघाल्यासारख्या प्राण्याकडून हरतो, हे पाहून जुना प्रेक्षक जो बिथरला तो बिथरलाच. ट्रिपला ना भाऊ, ना चिमचार, ना हेवा वाटावा असं कारण. लीगच्या पहिल्याच फेरीत ॲश त्याला हरवतो आणि विषय संपतो. पुढे ॲशला बाहेर काढतो कॅमेरॉन, जो आठ बॅज लागतात हे माहीत नसल्यामुळे आधी सातवरच थांबलेला आणि सहा जणांच्या सामन्याला पाचच प्राणी घेऊन उतरलेला! त्याचा रायोलू भर सामन्यात मोठा होऊन लुकारियो होतो आणि सामना फिरवतो. कॅमेरॉन तसा प्रेमळ आहे, पण या हरण्याला चाहत्यांनी कधी माफ केलं नाही.

आता पुन्हा अलेनकडे. कालोस पर्वात ॲशचा दिसण्यापुरता प्रतिस्पर्धी होता सॉयर, वहीत बारीकसारीक टिपणं काढणारा नम्र मुलगा. सुरुवातीला तो अगदी कच्चा असतो, ॲशकडूनच शिकतो, आणि हळूहळू ॲशलाच हरवतो. हा उलटा चढ फार सुरेख रंगवला आहे आणि त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. उपांत्य फेरीत ॲश त्याला नमवतो. अलेनची कथा मात्र २०१४ पासून वेगळ्या विशेष भागांत चालू होती. आजारी पडलेल्या एका छोट्या प्राण्याला वाचवण्यासाठी धडपडणारा, आणि नकळत दुष्टांच्या हाताखाली राबणारा हा तरुण स्वतःच्या कथेचा नायकच होता. ज्यांनी ते भाग पाहिले त्यांना अलेन भावला. ज्यांनी फक्त मुख्य मालिका पाहिली त्यांच्यासाठी तो ऐन वेळी टपकलेला पाहुणा. अलेनवरचा निम्मा वाद कोणी काय पाहिलं, यावर ठरतो.

दुसरा वाद तांत्रिक आहे. ॲशचा ग्रेनिंजा पाण्याचा, अलेनचा चारिझार्ड आगीचा, मग पाणी कसं हरलं? इथे चाहत्यांचा राग नियमाला धरून नाही. अलेनचा चारिझार्ड मेगा रूप घेतो तेव्हा तो आग आणि ड्रॅगन अशा दुहेरी जातीचा होतो. पाण्याचा मारा आगीवर दुप्पट लागतो, ड्रॅगनवर निम्मा. गुणाकार केला की उरतो एक, म्हणजे ना फायदा, ना तोटा. नियमाने सामना बरोबरीचाच होता. घोळ केला तो मांडणीने. सगळं पर्व ग्रेनिंजाच्या नव्या शक्तीभोवती फिरवत नेलं, अंतिम सामन्याची जाहिरात दणक्यात केली, ॲश हरला, आणि लगेच खलनायकांच्या टोळीने शहरावर हल्ला चढवला. हरण्याचं दुःख करायलाही सवड ठेवली नाही, आणि या दोघांची परतफेडीची लढत पुढे कधीच झाली नाही. २०२२ मध्ये जगातल्या आठ सर्वोत्तम लढवय्यांच्या स्पर्धेत दोघेही होते, पण अलेन पहिल्याच फेरीत तेव्हाचा जगज्जेता लिऑन याच्याकडून हरला.

चाहत्यांच्या या भांडणात एक दालन कायम बंद राहतं, ते मुलींचं. सिनो पर्वात ॲशबरोबर फिरणारी डॉन लढतींऐवजी कलास्पर्धांत उतरते. तिची प्रतिस्पर्धी झोई आधी तिला मार्गदर्शन करते, मैत्री करते, आणि ग्रँड फेस्टिव्हलच्या अंतिम फेरीत थोडक्या गुणांनी तिला हरवते. डॉन रडते, सावरते, झोईचं मनापासून अभिनंदन करते. माझ्या मते पॉलखालोखाल या मालिकेतली सर्वांत नीट लिहिलेली स्पर्धा हीच. पण तीत कोणी कोणाला आपटत नाही, म्हणून तिला याद्यांत जागा नाही.

नंतरची गोष्ट थोडक्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये अलोला प्रांताच्या लीगमध्ये ॲश अखेर जिंकला, बावीस वर्षांनी. ऑरेंज बेटांवरचा त्याचा जुना विजय लीगमध्ये धरायचा की नाही, यावर चाहत्यांत उभा दावा आहे, पण तो सोडू. समोर होता ग्लॅडियन, ॲशच्या वर्गमैत्रिणीचा भाऊ, तुसडा वाटणारा पण मनाने सरळ. शेवटी लायकॅनरॉक विरुद्ध लायकॅनरॉक, एकाच प्राण्याची दोन रूपं. विजय गोड होता, पण ग्लॅडियनशी खुन्नस नव्हती, त्यामुळे चाहत्यांनी ॲशला मिठी मारली आणि ग्लॅडियनची पाठ थोपटून ते पुढे गेले. ११ नोव्हेंबर २०२२ला लिऑनला हरवून ॲश जगज्जेता झाला, तेव्हा टोकियोतल्या शिबुया चौकातल्या मोठ्या पडद्यांवर ती बातमी झळकली. लिऑन हा प्रतिस्पर्धी कमी आणि आदर्श जास्त. त्याच वर्षी, त्या लढतींच्या आधी, पॉल मालिकेत परतला होता, ॲशची तयारी करून घ्यायला. जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर ॲशला घासून काढायला लेखकांना बारा वर्षं जुना माणूसच आठवला, यात पॉलबद्दलचा त्यांचा स्वतःचा निकाल आला. मार्च २०२३ मध्ये ॲशची कथा संपली.

माझी क्रमवारी विचाराल तर पॉल पहिला, झोई दुसरी, मग सॉयर आणि त्यानंतर गॅरी. अलेनला मी दोषमुक्त करतो, दोष त्याच्या लेखकांचा. टोबायसला यादीतच घेत नाही. आणि ज्यांनी ही मालिका कधीच पाहिली नाही त्यांना एक सांगणं. पॉल आणि ॲशचा तो गाजलेला सामना थेट लावून बसू नका. आधी हार्थोमची जोडीची स्पर्धा पाहा, मग अक्युटी सरोवर, आणि त्यानंतरच सिनो लीगचे ते तीन भाग. टोबायसचा भाग वगळलात तरी चालेल.